नेटवर घेतलेलं नाव

आमची कंपनी देवनहळ्ळीच्या पुढच्या फायरिंग रेंजवर पोचली तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन ट्रक, एक जिप्सी. मी शेवटच्या ट्रकमध्ये रेडिओ सेट मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटेत दोन्ही बाजूंना नवीन लेआउटचे, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतींचे, फलक होते. फलकांवर तलाव, हिरवळ, सायकल चालवणारी मुलं. फलकांच्या मागे लाल माती आणि ओळीने रोवलेले पांढरे दगड.

मी खानापूर तालुक्यातला. सैन्यात चार वर्षं सिग्नल ऑपरेटर होतो. आता बेंगळुरूत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. लिहायची सवय नाही. सैन्यात मी फक्त मेसेज लॉग लिहायचो: वेळ, कोणाकडून, कोणाला, काय. आपल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या, तसंच लिही. म्हणून तसं लिहितो. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

फायरिंग रेंज म्हणजे तोफांच्या सरावाची जमीन. डागलेला प्रत्येक गोळा फुटतोच असं नाही. जो न फुटता मातीत रुततो त्याला आम्ही ‘ब्लाइंड’ म्हणतो. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि कधीही फुटू शकतो. या रेंजवरचा सराव बंद झाला होता. जमीन लेआउटसाठी जायची होती. त्याआधी एकेक ब्लाइंड शोधायचा आणि जागेवरच उडवायचा, हे आमचं काम. मुदत सहा आठवडे.

रेंजच्या पूर्व टोकाला राई होती. जांभूळ, करंज, मोह, मध्ये काही फार जुनी हेदूची झाडं. त्या राईत राईवाशांची एकेचाळीस माणसं राहत होती.

राईवासी कोण हे इथल्या वाचकांना सांगायला नको. तुमच्या अपार्टमेंटच्या गेटवर उन्हाळ्यातही कानटोपी ओढून बसलेला वॉचमन, तो बहुतेक राईवासी असतो. आपल्यापेक्षा तिप्पट-चौपट जगतात. कान वीतभर लांब, टोकदार. तळमजल्यावर बसून चौथ्या मजल्यावरचा कुठला नळ गळतोय ते सांगतात. म्हणूनच त्यांना वॉचमन ठेवतात. लिफ्ट वापरू देत नाहीत. मी बनशंकरीला खोली शोधत होतो तेव्हा दोन ठिकाणी पाटी पाहिली: बॅचलर चालेल, राईवासी नको.

सैन्यात त्यांच्यासाठी एकच पद होतं. लिसनर. त्याच्यावर बढती नाही. आमच्या कंपनीचे लिसनर हेदूअण्णा. सेवा एकसष्ट वर्षं. आमचे सुभेदार माने साहेब सांगायचे की त्यांचे आजोबा भरती झाले तेव्हा त्यांना बुटाची नाडी बांधायला हेदूअण्णांनी शिकवलं होतं. आजोबा सुभेदार मेजर होऊन निवृत्त झाले, वारले. अण्णा लिसनरच होते. दिसायला पस्तिशीचे. मूळचे याच राईतले.

मराठी त्यांनी पलटणीतच शिकलेली, त्या काळच्या जवानांची. “व्हय जी” म्हणायचे. मध्येच कन्नड, थोडं म्हणायला “स्वल्प थांब” आणि बरं म्हणायला “सरी”. मला ते “ऑपरेटर” म्हणायचे. बाकीचे मला “खानापूर” म्हणायचे.

काम असं चालायचं. सकाळी साडेसहाला अण्णा आखलेल्या पट्टीत पालथे झोपायचे. एक कान मातीला. हातात चिंचेची बारीक काठी, तिने जमिनीवर हलके ठोके द्यायचे. मातीत लोखंड असलं की ठोक्याचा आवाज तिथे येऊन दबतो, असं ते सांगायचे. आमच्याकडे मशीनही होतं. ते खिळ्यालाही वाजायचं आणि पत्र्याच्या डब्यालाही. अण्णा हात वर करायचे ते फक्त गोळ्यासाठी. पहिल्या चार आठवड्यांत त्यांनी सव्वीस ब्लाइंड दाखवले. सव्वीसच्या सव्वीस खरे निघाले.

हवालदार खोत कोल्हापूरकडचे. कामाला पक्के, तोंडाला वाईट. एकदा नाश्त्याच्या रांगेत सगळ्यांदेखत म्हणाले, “काय रे लांबकान्या, एखादा गोळा गुपचूप सोडत असशील की नाही? शेवटचा गोळा उडाला की तुझ्या राईवर बुलडोझर येणार. माहीत आहे न्हवं?”

“माहीत आहे जी.”

“मग दाखवतोस कशाला, मर्दा?”

अण्णांनी चहाचा मग खाली ठेवला. “नाही दाखवला तर बिल्डरचा माणूस मरणार नाही, हवालदार साहेब. आमचीच पोरं तिथं शेरडं चारतात.”

जाताना खोतांनी अण्णांच्या ताटात आपली एक पुरी टाकली. ते तसे होते.

अण्णांचं ताट मात्र वेगळं धुतलं जायचं. हे मी रोज पाहायचो. मी कधी काही बोललो नाही.

दुसऱ्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली, ती इथे नीट सांगायला हवी. दुपारची जेवणं झाल्यावर अण्णा राईच्या कडेने पाण्याची कॅन घेऊन येत होते. साहेबांनी बोलावलं होतं. मी मागून हाक मारली, “हेदूअण्णा.”

ते थांबले. एक पाय पुढे, टाच उचललेली, कॅन हातात. वळले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही, पण ते अशक्य होतं. मी परत हाक मारली. ते तसेच. मी घाबरलो. जवळ जात तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ते वळले आणि म्हणाले, “बोल, ऑपरेटर.”

नंतर त्यांनी सांगितलं. राईत पहिली हाक माणसाची नसते. दुसरी कोणाची आहे ते कळत नाही. तिसरी माणसाची. म्हणून नावाने हाक आली की आहे तिथे थांबायचं. तिसरी हाक येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, हाकेसोबत काही सांगितलं तर ते करायचं नाही. मूल चालायला लागलं की आधी हे शिकवतात.

“पण आवाज तर माझा होता, अण्णा. तुम्ही ओळखला असणार.”

“ओळखला की. पण पाय माझं ऐकत नाहीत. पाय आईचं ऐकतात.”

“आणि रेडिओवर कसं करता?”

“रेडिओवर मला कोण नावानं बोलावतंय? तिथं मी लिसनर वन. एकसष्ट वर्षांत नेटवर माझं नाव कोणी घेतलं नाही.”

ते बरोबर होतं. सेटवर सगळे एकमेकांना ऐकतात, त्याला नेट म्हणतात. नेटवर नाव घ्यायचं नसतं. फक्त कॉलसाइन, ठरवून दिलेली सांकेतिक खूण. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी उस्तादांनी हे आम्हाला शिकवलं होतं, आणि जो चुकला त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या होत्या. मी चुकलो नव्हतो.

चौथ्या आठवड्यात राईतल्या झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे पडले. कोण येऊन टाकून गेलं ते दिसलं नाही. घरांच्या मधून दोऱ्या बांधल्या गेल्या. राईतली माणसं दोऱ्यांखालून वाकून जायची, तोडायची नाहीत. जिप्सीतून बिल्डरकडचा एक पाहुणा आला, त्याने लेफ्टनंट साहेबांशी हात मिळवला. साहेब नवीन होते, दिल्लीकडचे, हिंदी-इंग्लिश बोलायचे. त्यांनी पाहुण्याला सांगितलं, हस्तांतरण वेळेआधी होईल.

त्याच आठवड्यात अण्णा एकदा मातीवरून उठले आणि बराच वेळ कान चोळत बसले. मी विचारलं, गोळा आहे का.

“गोळा नाही. मुंग्या नाहीत.”

“म्हणजे?”

“तीन दिवस झाले. मातीत मुंग्या चालल्याचा आवाज नाही. त्या गेल्या.” मग म्हणाले, “लॉगमध्ये लिहू नको. साहेब हसतील.”

मी लिहिलं नाही.

पाचव्या आठवड्यातला गुरुवार. सत्तावीस नंबरचा ब्लाइंड राईच्या अगदी कडेला सापडला होता, शेवटच्या घरापासून तीसेक मीटरवर. सकाळी दहाला राईतली माणसं टेम्पोत बसवून दीड किलोमीटरवरच्या शाळेत नेली. बसताना एकेचाळीस मोजली. शाळेत उतरताना कोणी मोजलं नाही.

जागा अशा होत्या. मी आणि सुभेदार साहेब पश्चिमेच्या टेकाडावर, कंट्रोल पोस्टला. गोळ्यापासून चारशे मीटर. लेफ्टनंट साहेब आणि हवालदार खोत उत्तरेच्या रस्त्यावर, त्यांच्याकडे दुसरा सेट. अण्णा ट्रेंचमध्ये, कमरेला छोटा सेट, गोळ्यापासून दोनशे मीटर. ट्रेंचवर पत्रा आणि वाळूची पोती. स्फोट झाला की लगेच कान मातीला लावून, आणखी काही हललं का, हे लिसनरला सांगावं लागतं. म्हणून तो सगळ्यांत जवळ.

स्फोटाच्या आवाजाने राईवाशांचे कान फाटतात. त्यामुळे शेवटची पाच मिनिटं राहिली की अण्णा कानांत मेण आणि कापूस भरायचे. एका कानात सेटचा इअरपीस, वरून कापूस. मग त्यांना सेटशिवाय काहीही ऐकू यायचं नाही.

चौदा तीसला लेफ्टनंट साहेबांनी फ्यूज पेटवायचा हुकूम दिला. बारा मिनिटांचा सेफ्टी फ्यूज. एकदा पेटला की विझवायला जवळ जाता येत नाही. पेटवणारे दोन सॅपर धावत रस्त्यावर आले. मी लॉगमध्ये वेळ लिहिली.

चौदा तेहतीस.

“कंट्रोल, लिसनर वन. राईत कडी वाजली. ओव्हर.”

“लिसनर वन, कंट्रोल. परत सांगा. ओव्हर.”

“दाराची कडी. माणूस आहे. मी जातो. ओव्हर.”

लेफ्टनंट साहेब मध्ये आले. “लिसनर वन, नेगेटिव्ह. स्टे इन ट्रेंच.”

उत्तर आलं नाही. सुभेदार साहेबांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, “निघाला.”

चौदा छत्तीसला ते शेवटच्या घरापाशी होते. दारात एक म्हातारी होती, शेवरीअक्का. राईतली सगळ्यांत वयस्कर. शाळेतून ती एकटी चालत परत आली होती. सकाळच्या घाईत दाराला कडी लावायची राहिली होती, ती लावायला. अण्णांनी तिला पाठीवर घेतलं. घर आणि ट्रेंचच्या मधोमध, जुन्या खाणीतला एक खळगा होता, एका माणसापुरता. चौदा एकोणचाळीसला त्यांनी तिला त्यात उतरवलं. सुभेदार साहेबांनी दुर्बीण माझ्याकडे दिली आणि घड्याळ धरलं. मी पाहिलं की अण्णांनी आधी तिच्या कानांत कापूस भरला. मग स्वतःच्या. खळग्याच्या तोंडावर एक फरशी ओढली. मग ट्रेंचकडे निघाले.

“कंट्रोल फॉर लिसनर वन. मूव्ह. ओव्हर,” मी म्हणालो.

त्यांनी हात वर केला.

सुभेदार साहेब म्हणाले, “दीड मिनिट. पोचतोय.”

ट्रेंच त्यांच्यापासून चाळीस पावलं असेल. दुर्बिणीतून मला ते सावकाश चालल्यासारखे वाटले. राईवासी वेगात असले तरी धावल्यासारखे दिसत नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी मला फक्त ते आणि मागची राई दिसत होती. मी बटण दाबलं.

“हेदूअण्णा, पळा.”

ते थांबले.

एक पाय पुढे, टाच उचललेली.

मला लगेच कळलं नाही. आधी वाटलं पायाला काही लागलं. मी म्हणालो, लिसनर वन, मूव्ह, मूव्ह. ते हलले नाहीत. सुभेदार साहेबांनी माझा खांदा धरला. “काय बोललास तू? नेटवर काय बोललास?” तेव्हा कळलं.

मी परत बटण दाबलं. “हेदूअण्णा.” त्यांनी मान किंचित आमच्या बाजूला केली. ते वाट बघत होते.

मी तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि हाक मारली. त्याच क्षणी रस्त्यावरून लेफ्टनंट साहेबांनी त्यांच्या सेटचं बटण दाबलं. का थांबलास, असं ते विचारत होते, हे मला नंतर कळलं. नेटवर एका वेळी एकच बोलू शकतो. दोघांनी एकदम दाबलं तर कोणाचंच ऐकू जात नाही. फक्त खरखर जाते. मी बटण सोडलं तेव्हा काही सेकंदच उरले होते.

ते उभेच होते.

चौदा बेचाळीस.

आम्ही चौदा पन्नासला तिथे पोचलो. त्याबद्दल मी लिहिणार नाही. हवालदार खोतांनी स्वतःचा रेनकोट काढून त्यांच्यावर घातला. शेवरीअक्काला मी खळग्यातून वर काढलं. तिला खरचटलंही नव्हतं. तिने कानातला कापूस काढून मुठीत धरला. माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

अण्णा चालत गेले असते तरी पोचले असते. मी नंतर ती चाळीस पावलं घड्याळ लावून चालून पाहिली. पंचवीस सेकंद लागली.

तीन दिवसांनी चौकशी बसली. आदल्या संध्याकाळी सुभेदार साहेबांनी मला स्टोअरच्या मागे बोलावलं.

“उद्या काय सांगणार?”

“जे झालं ते, साहेब.”

“नेटवर नाव घेतलंस हे सांगितलंस तर तू जाशील. पुढं सरकारी नोकरीत जवानांसाठी जागा असते, तीही नाही. घरी वडील काय करतात तुझे?”

“वीटभट्टीवर आहेत.”

“मग? कॉलसाइन वापरला म्हणायचं. लॉग तुझ्याच हातात आहे.”

“आणि अण्णा?”

साहेबांचे डोळे लाल होते. “तो गेला, पोरा. माझ्या आजाला त्यानं शिकवलंय. मला वाईट वाटत नाही असं समजू नको. पण त्याला आता कागदाचं काय?”

मी लॉगचं पान बदललं. चौदा चाळीस, कंट्रोल ते लिसनर वन, मूव्ह. एवढंच. चौकशीत मी सांगितलं की ऑपरेटरने नियमाप्रमाणे सूचना दिल्या. लेफ्टनंट साहेबांनीही नेटवर सगळं ऐकलं होतं. ते काय बोलले मला माहीत नाही. निष्कर्ष असा लिहिला गेला की लिसनर हुकूम मोडून ट्रेंचबाहेर गेला आणि कोणतंही कारण नसताना धोक्याच्या हद्दीत थांबून राहिला. स्वतःचा निष्काळजीपणा.

निष्काळजीपणाने मेलेल्याचं नाव कंपनीच्या दगडावर कोरत नाहीत. तिरंगाही घालत नाहीत.

सहाव्या आठवड्यात जमीन दिली गेली. आम्ही निघालो त्या सकाळी राईत मशीनं चालू झाली होती. खोत मागे बसून टायरकडे बघत होते.

माझी चार वर्षं पूर्ण झाली. मी बेंगळुरूला आलो, कॉलेजात नाव घातलं. मला वाटलं होतं अभ्यासाला लागलं की हे मागे पडेल. बऱ्याच अंशी पडलंही. हे लिहिताना लाज वाटते, पण पडलं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी सकाळी मी बिल्डिंगमधून खाली उतरत होतो. आमच्या वॉचमनचं नाव मोहा. सेक्रेटरी गाडीपाशी उभे होते. त्यांनी हाक मारली, “ए मोहा, गेट उघड.”

मोहा पाण्याची मोटर बंद करायला निघाला होता. तो जिथे होता तिथेच थांबला. एक पाय पुढे.

“बहिरा आहेस का? एवढे कान कशाला दिलेत?” सेक्रेटरी त्याच्याजवळ गेले आणि थोबाडीत मारली. मोहाची कानटोपी खाली पडली. तो हलला नाही. जिन्यात पुण्याचं एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या बाई म्हणाल्या, “हे लोक असेच ग, ऐनवेळी फ्रीझ होतात.”

मी खाली गेलो आणि म्हणालो, “मोहाअण्णा.” मग परत, आणि परत. तो वळला. वाकून टोपी उचलली, घातली, गेट उघडलं. सेक्रेटरी म्हणाले, “तुमचं फार ऐकतो हा.”

पुढच्या रविवारी मी देवनहळ्ळीची बस पकडली.

राई नाही. रस्ते झालेत, दिव्याचे खांब उभे आहेत, घरं अजून थोडीच. लेआउटच्या मागच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या शेड आहेत. राईतली माणसं आता तिथे राहतात. शेवरीअक्का दारात डाळ निवडत होती. माझी चप्पल वाळूत वाजली तशी न बघताच म्हणाली, “ये की. टेकाडावरचा ना तू?”

“हो अक्का.”

“जाडा झालास. काय करतोस?”

“कॉलेजात शिकतो.”

“सरी. बस.” तिने सूप बाजूला केलं. “कशाला आलास?”

मी बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. ते आठवलं नाही. मी म्हणालो, “त्या दिवशी अण्णा उगाच थांबले नव्हते.”

“ते मला सांगायला आलास? मी फटीतून बघत होते. आमचा माणूस उगाच थांबत नाही. कोणीतरी नाव घेतलं. कोणी, एवढंच आम्हाला ठाऊक नव्हतं.”

“मी घेतलं.”

आतून एक बाई दारात आली. अक्काने हात करून तिला परत पाठवलं.

“किती वेळा?”

“दोनदा पोचली. तिसऱ्यांदा मारली, ती गेली नाही. साहेबांनी त्याच वेळी बटण दाबलं.”

तिने डाळीतला एक खडा काढून टाकला. मग आणखी एक. मी रडत होतो, तिने त्याकडे लक्ष दिलं नाही.

“हाक पोचली नाही, ते मी तुझ्यावर घालत नाही,” ती म्हणाली. “कागदावर काय लिहिलंस?”

मी सांगितलं.

“वाचता येतं मला. तो कागद आम्हाला दाखवलाय. तुझ्या त्या कागदानंतर लिसनर म्हणून आमचा एकही माणूस घेतला नाही. म्हणतात, राईवासी ऐनवेळी थांबतात, भरवसा नाही. जे होते त्यांनाही घरी पाठवलं. आता सगळे तुमच्या गेटवर.” तिने माझ्याकडे पाहिलं. “नाव घेतलंस ते घाबरून. हे मात्र बसून, सावकाश लिहिलंस.”

तिने सूप परत पुढे ओढलं.

“लिहायला शिकतोस ना कॉलेजात?”

“हो.”

“मग लिही की.”

तिने चहा दिला. स्टीलच्या पेल्यात, घरातल्या सगळ्यांच्याच पेल्यांतला एक.

मी रेकॉर्ड ऑफिसला निवेदन पाठवलं आहे. लॉगचं पान मी बदललं, हेही त्यात आहे. पाठवण्याआधी सुभेदार साहेबांना फोन केला. ते आता साताऱ्याजवळ गावी असतात. म्हणाले, “माझं नाव घाल. मी सांगितलं होतं म्हणून लिही.” मी म्हणालो, पान मीच बदललं होतं साहेब. ते म्हणाले, “तरी घाल.” मी घातलं. माझं काय होईल ते मला माहीत नाही. जवानांसाठीच्या जागेचा फॉर्म मी या वर्षी भरलेला नाही. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. उत्तर आलेलं नाही.

दरवर्षी कंपनी आपल्या गेलेल्या जवानांची नावं परेडवर वाचते. नाव, हुद्दा, सेवा, दिवस, कारण. त्यांचं वाचलं जात नाही. निवेदनाच्या शेवटी मी ती नोंद जशी असायला हवी तशी लिहून दिली आहे. इथेही देतो.

हेदू. लिसनर. सेवा एकसष्ट वर्षं. सत्तावीस ब्लाइंड शोधले. गुरुवारी दुपारी चौदा तेहतीसला हुकमाबाहेर जाऊन राईतल्या शेवरी नावाच्या स्त्रीला वाचवलं. ट्रेंचपासून चाळीस पावलांवर मृत्यू, चौदा बेचाळीस. कारण: ऑपरेटरने नेटवर नावाने हाक मारली.